डॉट बँडच्या पुढे डॉट कॉम कशाला लावलंत?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या दुकानात रोज येतो. साताऱ्यात माझं फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डचं दुकान आहे आणि गेली काही वर्षं गिऱ्हाइकांना वेबसाइट पण करून देतो, म्हणजे कार्ड छापायला आलेला माणूस वेबसाइटचं विचारतोच, मग आपणच शिकून घेतलं. हे पत्र तक्रारीचं आहे पण भांडणाचं नाही एवढं आधी सांगतो.

झालं असं की आमच्या एका बँडवाल्या मित्राने, लग्नात वाजतो तो ब्रास बँड, चौदा माणसं आणि एक सजवलेली गाडी, तुमच्याकडे छोटी जाहिरात दिली. मजकूर मीच लिहून दिला होता. बँडचं नाव, मोबाईल नंबर आणि खाली वेबसाइटचा पत्ता, त्याच्या शेवटी डॉट बँड. बस, तिथेच पत्ता संपला. पेपर हातात आला तर डॉट बँडच्या पुढे डॉट कॉम लावलेलं! मी जाहिरात विभागात फोन केला तर तिथल्या ताई अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या, "दादा, पत्ता अर्धवट राहिलाय असं वाटलं म्हणून आम्ही पूर्ण केला."

आता यावर माणूस काय चिडणार. कारण हेच मी रोज फोनवर ऐकतो. एका लग्नाच्या फोटोग्राफरला मी डॉट फोटोग्राफी घेऊन दिलं होतं, इंग्रजीत तो अख्खा शब्द शेवटी येतो. त्याच्या स्टुडिओत मी बसलो होतो तेव्हा मुलीकडच्यांचा फोन आला, अल्बमचे नमुने बघायला पत्ता द्या म्हणाले. याने सांगितला. पलीकडून, "हां, डॉट फोटोग्राफी. पुढे डॉट कॉम ना?" "नाही काका, डॉट फोटोग्राफीच शेवट." "बरं बरं. म्हणजे फोटोग्राफी डॉट कॉम." "नाही हो, डॉट कॉम नाहीच आहे त्याला." थोडा वेळ शांतता आणि मग काका म्हणाले, "मग डॉट इन असेल." शेवटी याने व्हॉट्सअपवर लिंक पाठवली. परत वर त्या शब्दाचं स्पेलिंग, कोणी एफने सुरू करतो, कोणी मधला एच गाळतो. दोन वर्षांनी त्याने गुपचूप डॉट इन घेतलं आणि कार्डं नवीन छापली, माझ्याकडेच छापली म्हणून माझं नुकसान झालं नाही ही गोष्ट वेगळी.

तर मुळात ही शेपटं, म्हणजे पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर येणारा शब्द, आली कुठून ते दोन शब्दांत सांगतो, कारण आपल्याकडे अजून पुष्कळ जणांना वाटतं की डॉट कॉम म्हणजेच इंटरनेट आणि बाकी सगळं डुप्लिकेट. पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ ला अमेरिकेतल्या सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीने घेतलं. त्यानंतर कितीतरी वर्षं शेपटं मोजकीच, कॉम, नेट, ऑर्ग वगैरे आणि शिवाय देशांची दोन अक्षरी, आपलं इन त्यातलंच. मग ही नावं सांभाळणारी जी संस्था आहे, आयकॅन, तिने २०१२ मध्ये अर्ज मागवले की कोणाला नवीन शेपूट सुरू करायचंय त्याने या. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने नव्वद लाखाच्या वर! तरी १,९३० अर्ज आले. त्यातून बाराशेच्या वर शेपटं प्रत्यक्षात सुरू झाली, बँड, फार्म, गोल्ड, पिझ्झा, योगा, गुरू, काय म्हणाल ते. २०२६ ला दुसरी फेरी, तिची फी २,२७,००० डॉलर. आणि यात अभिमानाची म्हणा किंवा गंमतीची गोष्ट म्हणजे डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन, डॉट टेक, डॉट साइट ही जी शेपटं जगभर खपतात ती रॅडिक्स नावाची कंपनी चालवते आणि ती उभी राहिली मुंबईच्या तुरखिया भावांच्या डायरेक्टी ग्रुपमधून. एमिरेट्स विमान कंपनीचं दुकान डॉट स्टोअरवर आहे, लास वेगासला सीईएस म्हणून मोठं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरतं त्याचा पत्ता सीईएस डॉट टेक. आपल्या पोरांनी असली नावं घेतली की मात्र लोक म्हणतात हे फ्रॉड दिसतंय.

मोठ्या घरांनी तर स्वतःच्या नावाचंच शेपूट घेतलं. टाटांचं डॉट टाटा आहे. त्यात अशी मजा की मोरोक्को देशात टाटा नावाचा एक प्रांत आहे, त्यामुळे त्यांच्या सरकारची ना-हरकत लागली, आपल्याकडे सोसायटीची एनओसी लागते तसं. आणि ज्यांना वाटतं हे सगळं शहरातल्या लोकांचं फॅड आहे त्यांनी आठवून बघावं, स्टेट बँकेचं नेटबँकिंग उघडताना काय टाइप करायचो आपण? ऑनलाइन एसबीआय डॉट एसबीआय. त्याच्या पुढे कॉम नव्हतं की इन नव्हतं. आमच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर ते न चुकता टाइप करायचे. म्हणजे सवय लागते, लागत नाही असं नाही.

पण लागते कधी? माझा स्वतःचा एक साधा नियम झालाय. गिऱ्हाईक आलं की मी त्याला त्याच्या मोबाईलवरून दुकानातल्या पोराला फोन लावायला सांगतो, पोरगा मागच्या खोलीत मशीनच्या आवाजात असतो, आणि पत्ता तोंडी सांगायला लावतो. एकच वेळा. पोराने बरोबर लिहिला तर घ्यायचा. डॉट बँड यात पहिल्या फटक्यात पास झालं, कारण बँड हा शब्द आपल्याकडे कधीच इंग्रजी राहिलेला नाही, आमच्या आज्जीच्या तोंडात होता तो. स्टोअर पास होतं, क्लब पास होतं, आमच्या एका ढोल-ताशा पथकाने डॉट क्लब घेतलंय आणि ते मस्त चाललंय. महाबळेश्वरच्या वाटेवर एक स्ट्रॉबेरीवाला आहे त्याने डॉट फार्म घेतलं, रस्त्याच्या कडेला बोर्ड लावलाय, मुंबईची गाडी चालत्या गाडीतून वाचते. पण सराफ आला की अडचण. त्याला ज्वेलरी शब्द पाहिजे असतो आणि हे शेपूट आहे अमेरिकन स्पेलिंगचं, आपल्या पेठेतल्या प्रत्येक बोर्डावर ज्वेलर्स हे ब्रिटिश स्पेलिंगने, दोन एल घालून. म्हणजे दुकानावर एक स्पेलिंग आणि वेबसाइटवर दुसरं, गिऱ्हाईक चुकलंच समजा. मी सांगतो काका डॉट गोल्ड घ्या, चार अक्षरं, कोणी चुकत नाही, शिवाय ऐकायला पण वजनदार. एकाने घेतलं, एकाला ते फार चढेल वाटलं.

कलाकार मंडळींचं जरा वेगळं असतं. त्यांना गल्लीतलं गिऱ्हाईक नको असतं, त्यांना पुण्या-मुंबईची गॅलरी नाहीतर परदेशातला कोणीतरी पाहिजे असतो. आमच्याकडची एक मुलगी सिरॅमिकची भांडी करते, तिने डॉट आर्ट घेतलं. स्वतःच्या नावापुढे डॉट आर्ट, एवढाच पत्ता. ती म्हणते की मला फोनवर पत्ता सांगावाच लागत नाही, इन्स्टाच्या बायोमध्ये लिंक असते, लोक बोट लावतात. मग तिच्यासाठी स्पेलिंग, उच्चार असली भानगडच नाही आणि उलट पत्ता वाचूनच समोरच्याला कळतं ही काय करते. तिचं बरोबर आहे. माझा फोनवाला नियम तिला लागू नाही हे मी मान्य केलं. डिझाइन, स्टुडिओ, इंक ही शेपटं पण याच लोकांची. लेडी गागा या अमेरिकन गायिकेच्या संस्थेचा पत्ता तर वाचला की संस्थेचं पूर्ण नाव होतं, शेवटचा डॉट फाउंडेशन हा नावाचाच भाग. असं जमलं तर फार देखणं दिसतं, कार्डावर एक ओळ वाचते आणि आम्हा छापणाऱ्यांना मोठा फॉन्ट घेता येतो.

आणखी एक कारण आहे ज्याच्यासाठी छोट्या दुकानदाराला ही शेपटं लागतातच. आडनाव. आमच्याकडे कंदी पेढेवाल्यांची एकाच आडनावाची कितीतरी दुकानं, एक मूळ, एक जुने, एक सुप्रसिद्ध, आणि प्रत्येकाच्या बोर्डावर आमची कुठेही शाखा नाही. त्यातल्या एकाने कधीकाळी डॉट कॉम घेऊन ठेवलं की बाकीच्यांनी जायचं कुठे? पूर्वी मग नावात साताऱ्याचा उल्लेख घाल, मध्ये आकडा घाल, आडवी रेघ घाल असं करत पत्ता हातभर लांब व्हायचा. आता एक डॉट स्टोअर घेतो, दुसरा डॉट शॉप. अर्थात यातून नवीन भांडण सुरू होतं की माझं गिऱ्हाईक त्याच्या वेबसाइटवर जातं, त्यावर माझ्याकडे औषध नाही. काही कंपन्यांचे फोन येतात की तुमच्या नावाची सगळी शेपटं आजच घ्या नाहीतर दुसरा घेईल. घाबरू नका एवढंच मी सांगतो, बाराशे शेपटं कोण घेत बसणार, पेढे विकायचे का शेपटं सांभाळायची.

खरा फटका बसतो तो दुसऱ्या वर्षी. पहिलं वर्ष शंभर-सव्वाशे रुपयांत, कधी कधी तर नव्व्याण्णवला देतात आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचा मेल येतो दोन-तीन हजाराचा, वर अठरा टक्के जीएसटी. कासच्या बाजूला होमस्टे चालवणारे एक काका माझ्याकडे तो मेल छापून घेऊन आले, म्हणाले हा फ्रॉड मेल आहे ना? मी म्हटलं नाही काका, हा खरा आहे, पहिला होता तो आमिष होता. ते चिडून म्हणाले राहू दे, नको मला. बंद पडू दिलं. त्यांच्या कमानीवर, पावतीबुकावर, टी-शर्टावर तोच पत्ता छापलेला, आणि फुलांचा सीझन तोंडावर. मग सीझनच्या आधी पंधरा दिवस परत आले की चालू करा, तोवर मुदत उलटून गेलेली आणि नाव सोडवायला वेगळा दंड. डॉट कॉमचा दर पहिल्या आणि दुसऱ्या वर्षात असा आकाश-पाताळ नसतो, नव्या शेपटांचा असतो. म्हणून घेताना पाटीवरचा दर बघू नका, खाली बारीक अक्षरात रिन्यूअलचा दर असतो तो बघा.

त्याहून वाईट म्हणजे पत्ता कोणाच्या नावावर आहे तेच दुकानदाराला माहीत नसतं. वेबसाइट करणाऱ्या पोराने स्वतःच्या ईमेलवर घेतलेला असतो, पोरगा पुढे बंगळुरूला नोकरीला जातो, फोन उचलत नाही. आमच्या बँडवाल्याचं पण पहिलं नाव असंच गेलं. दहा वर्षं गाडीवर रंगवलेलं नाव होतं ते. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी विहीर खणतं का? पण इथे खणतात. माझ्याकडे आलेल्याला मी आधी त्याचा स्वतःचा ईमेल आणि त्याचं स्वतःचं कार्ड काढायला लावतो, पासवर्ड त्याच्या वहीत लिहून देतो आणि माझा लॉगिन बंद करतो, त्यामुळे काही जण मला आळशी म्हणतात.

आता फ्रॉडचं. स्वस्त शेपटं चोरांना पण स्वस्तच पडतात, त्यामुळे पार्सल अडकलंय, वीज तोडणार असल्या मेसेजमधल्या लिंका बघा, शेवटी टॉप नाहीतर एक्सवायझेड सापडतं. वास्तविक गुगलच्या वरची जी अल्फाबेट कंपनी, तिने २०१५ ला स्वतःचा पत्ता एबीसी डॉट एक्सवायझेड असाच घेतला, म्हणजे शेपूट काही गुन्हेगार नाही. पण आईला हे कसं सांगणार. मी आमच्या आईला टपालाच्या पत्त्यावरून शिकवलं. मु. पो. अमुक, ता. जावळी, जि. सातारा. शेवटचं काय? जिल्हा. वेबचा पत्ता पण असाच, सुरुवातीचं एचटीटीपीएस सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी जे आहे ते खरं, त्याच्या मागे-पुढे कितीही बँक, केवायसी लिहिलेलं असू दे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं ते याच्यासाठीच, ते शेपूट नोंदणीकृत बँकेशिवाय कोणाला मिळतच नाही. आईला आता पाठ आहे, शेवटी बँक डॉट इन दिसलं नाही की ती फोन माझ्याकडे सरकवते.

आणि आता माझ्या मनातलं, डॉट भारत. देवनागरीतलं हे शेपूट २०१४ च्या ऑगस्टला सुरू झालं, आपली निक्सी ही संस्था ते चालवते, मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी सगळ्यांना चालतं. मी तेव्हा उड्याच मारल्या होत्या. कारण पेढे. पेढेवाल्याने रोमनमध्ये पत्ता घेतला की पेढेला एच घालायचा का नाही, शेवटी ई का ए, कंदीला शेवटी आय का वाय, यात गिऱ्हाईक दहा ठिकाणी चुकतं. देवनागरीत पेढे म्हणजे पेढे, लिहायची एकच रीत, शाळेत जाणारं पोरगं पण चुकणार नाही. एकाला घेऊन दिलं. कार्डावर इतकं सुंदर दिसलं ते, पूर्ण मराठी कार्ड, पत्त्यासकट! मग त्याने ती लिंक कॉपी करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. तिथे उमटलं एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि पुढे इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा चिवडा. कारण आतल्या यंत्रणेला फक्त रोमनच कळतं, देवनागरीचं रूपांतर करून ती तसं साठवते, चांगला ब्राउझर आपल्याला परत मराठी करून दाखवतो पण कॉपी-पेस्टमध्ये कधी कधी आतली कपडे न घातलेली अवस्था बाहेर येते. ग्रुपवर मेव्हणा म्हणाला, कोणी उघडू नका, व्हायरस आहे.

ईमेलचं तर विचारूच नका. जीमेल २०१४ पासून असल्या मराठी पत्त्यावर मेल पाठवतं आणि तिथून आलेला घेतं, पण फॉर्म घेत नाहीत. एका सरकारी पोर्टलवर त्याच दुकानदाराचा मराठी ईमेल टाकला तर लाल अक्षरात उत्तर आलं, ईमेल अवैध. मराठीत आलं! म्हणजे पोर्टलला मराठीत नाही म्हणता येतं, मराठीतला पत्ता घेता येत नाही. नुसतं देवनागरीचंच नाही, डॉट फोटोग्राफीवाल्याचा ईमेल पण एका खाजगी फॉर्मने टाकून दिला होता, कारण कोणीतरी कधीकाळी लिहून ठेवलंय की शेपूट दोन ते चार अक्षरांचंच असतं. तुमच्या जाहिरात विभागातल्या ताई आणि तो फॉर्म, दोघांच्या डोक्यात एकच नियम. फरक एवढाच की ताईंना फोन करून सांगता येतं.

जाता जाता दुकानातला आमचा एक टाइमपास सांगतो. अंग्विला म्हणून कॅरिबियनमध्ये एक पिटुकलं बेट आहे, लोकवस्ती आमच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, त्याच्या वाट्याला देशाचं शेपूट आलं एआय. मग एआयची लाट आली आणि सगळ्या स्टार्टअपवाल्यांनी तेच घेतलं, २०२३ ला बेटाच्या सरकारला यातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर. बसल्या जागी कमाई. आणि कमाई हा शब्द रोमनमध्ये लिहिला तर शेवटी काय येतं? एआय! मिठाई, शिलाई, सनई, रजाई, महागाई, मुंबई, सगळ्यांच्या शेवटी तेच. मराठीने अंग्विलाशी आधीच सोयरीक करून ठेवलीये. लाओस देशाचं शेपूट ला, मग चला घ्या, गावाला घ्या. आपल्याच इनवर मैत्रीण, जमीन, नवीन. टेलरने शिलाई घेतलं आणि बरोबर एआयच्या आधी टिंब मारलं तर बघणाऱ्याला वाटेल काहीतरी मोठं सॉफ्टवेअर आहे आणि आत ब्लाउजचे दर. पण सांभाळून, या दोन अक्षरी शेपटांचा मालक शेवटी कोणता तरी देश नाहीतर प्रदेश असतो. डॉट आयओवर जगभरच्या सॉफ्टवेअरवाल्यांची दुकानं आहेत आणि ते शेपूट आहे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं, ती बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर ब्रिटनने २०२५ च्या मे मध्ये सही केली तेव्हा या लोकांची झोप उडाली. युगोस्लाव्हिया मोडला तर त्याचं शेपूट २०१० मध्ये बंद झालं. माझ्या गिऱ्हाइकाला यातलं काही लागत नाही, पण टेलरला मी सांगून ठेवलंय की बाबा टिंब मार पण बोर्डावर मोबाईल नंबर मोठा लिही.

तर साहेब, माझी मागणी साधी आहे. पैसे परत नकोत, पुढच्या वेळी सवलत पण नको. तुमच्या जाहिरात विभागात आणि बातम्यांच्या डेस्कवर एक चिठ्ठी लावा की पत्ता जसा आला तसा छापायचा, शेवटी कॉम दिसलं नाही तरी. मराठी पेपरने तरी डॉट भारतचा पत्ता देवनागरीतच छापावा, रोमन करू नये. आणि आमच्या बँडवाल्याची जाहिरात एकदा बरोबर छापा. तुळशीचं लग्न झालं की त्याचा सीझन सुरू होतो, तारखा आत्ताच बुक होतात, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या माणसाला कोरं पान दिसतं, मग तो दुसऱ्या बँडला फोन लावतो. मजकूर परत पाठवतोय. शेवटचा शब्द बँड आहे, त्याच्या पुढे फक्त कागदाची कड येऊ द्या.

आपला रोजचा वाचक,
एक फ्लेक्सवाला, सातारा